पहिल्या नंबरचा मान

खोटं वाटेल. वाटू दे.

ही गोष्ट जिच्यावर गुदरली ती अजून आहे. चालतीबोलती आहे, रोज सकाळी डबा घेऊन कामावर जाते. फक्त दुपारचे साडेतीन झाले की ती हातातलं काम खाली ठेवते आणि जमिनीवर बसते.

का बसते, त्याचीच ही हकीकत.

आणि यात काळोख शोधू नका. वारा नाही, वीज नाही, कुत्रं रडलं नाही. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. खिडकीतून ऊन आत येऊन फरशीवर पसरलं होतं.

त्या उन्हातच झालं सगळं.

घरात तिला छोटी म्हणतात. पंचेचाळिशी उलटली तरी छोटीच. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसून ती काचा घासते, चौकटीत बसवते. तिचा थोरला भाऊ दादा, शाळेचा मुख्याध्यापक. दोघं लहान असतानाच आई-वडील गेले आणि दोघांना आत्याने वाढवलं. आत्याने नवरा केला नाही, शिलाई मशीन केलं. पायडलवर पाय ठेवून तिने दोन पोरं मोठी केली. दादाचे शाळेचे सगळे गणवेश तिच्याच हातचे.

पोरं मशीनभोवती खेळायची, दोरा ओढायची, तोडायची. मग आत्या डोळे मोठे करून गाणं म्हणायची...

दोरा गं तुटला, पुन्हा गं ओवीन,
ज्यानं गं तोडला, त्याला गं शिवीन.

आणि सुई दाखवायची. पोरं किंचाळत पळायची, हसत परत यायची.

आता आत्या एक्याऐंशीची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकटी. डोळ्यांना चष्मा, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवायची. उशिरापर्यंत शिवायची, मनाला येईल तेव्हा जेवायची, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एकदा न्हाणीत पाय घसरला. मनगट सुजलं. तिने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी छोटीने सूज बघितली, दादा-वहिनीला बोलावून घेतलं, आणि दादा तिथल्या तिथे उभा राहून म्हणाला, "बस्स. आत्या, उद्यापासून तू आमच्याकडे."

"तुझ्याकडे?" आत्या म्हणाली. "तुझ्याकडे घंटा झाल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा पीत नाही, साहेब."

"मग इथे पडून राहशील कुणाला न कळता."

"राहीन. माझी फरशी आहे."

तासभर वाजलं. शेवटी वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, तोडगा काढला. तिने कुठेतरी ऐकलं होतं. अंगावर घालायचं यंत्र असतं, माणूस पडलं की आपोआप घरच्यांना फोन जातो. आत्याने ते घालावं आणि स्वतःच्या घरी राहावं.

शनिवारी सगळे दुकानात गेले. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या आणि रक्तदाब मोजायच्या यंत्रांमध्ये दुकानदार बसला होता. त्याने तीन वस्तू काचेवर मांडल्या.

पहिलं, गळ्यात घालायचं. मध्ये लाल बटण.

"मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?" आत्या म्हणाली.

"शिवाय बटण दाबायला शुद्ध हवी," दुकानदारानेच सांगितलं. "माणूस बेशुद्ध पडलं तर ते नुसतं लोंबतं."

दुसरं, कमरेला अडकवायचा चिमटा. तो स्वतःहून पडणं ओळखायचा. पण न्हाणीत कपड्यांसोबत तोही खुंटीवर जाणार, आणि म्हातारी माणसं पडतात बहुतेक न्हाणीतच.

तिसरा मनगटावरचा. जाड विणलेल्या कापडाचा पट्टा, वर काळी चकती. पाण्यात चालणारा. माणूस आपटलं की ओळखणारा, बोलणारा, आणि बाजूला बटणही. आत्याने तो डाव्या मनगटावर धरून बघितला.

तिथे तिची टाचण्यांची उशी असायची. साठ वर्षं. मनगटाला तिथे वजनाची सवयच होती.

"हा चालेल," ती म्हणाली. "कापड बरं आहे. शिवण मात्र गबाळी."

दुकानदार हसला. मग त्याने विचारलं, "फोन कुणाला जायचा? क्रमाने जातो हा. पहिल्याने उचलला की पुढे जात नाही. जवळ कोण राहतं?"

"मी," छोटी म्हणाली. "चालत सात मिनिटं. माझ्या दुकानातूनही तेवढंच."

"मग तुमचाच नंबर आधी घालू."

 दादाने घसा खाकरला. तो घसा घरात सगळ्यांना ओळखीचा होता.

वहिनी हळूच म्हणाली, "थोरला असताना धाकटीचं नाव वर... बरं दिसत नाही ना."

"तुम्ही कुठे असता साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"गाडीने पाऊण तास," दादा म्हणाला. "पण म्हणून काय झालं? घरातला मोठा मी आहे."

दुकानदाराने छोटीकडे पाहिलं. छोटीने बोलायला हवं होतं. तिला हे माहीत होतं, तेव्हाही. पण आयुष्यभर दादाच्या घशापुढे ती गप्प बसत आली होती.

"घाला दादाचा आधी," ती म्हणाली. "मान त्याचा."

झालं. एक, दादा. दोन, छोटी.

बाहेर पडताना आत्या पायरीवर थांबली. उजवा हात पुढे केला. "आता माझं ऐका. हे मी आंघोळीतसुद्धा काढणार नाही. पण हा वाजला की तुम्ही यायचं. प्रत्येक वेळी. कबूल?"

"कबूल," छोटीने टाळी दिली.

"कबूल गं," दादाने दिली.

"बघ हां साहेब. मोडलंस तर उसवीन तुला."

सगळे हसले.

पट्टा चांगला होता. फारच चांगला होता. आत्या कापड झटकायची, तो वाजायचा. थकून धपकन खुर्चीत बसायची, तो वाजायचा. आधी त्यातून एका बाईचा शांत आवाज यायचा, "पडल्याचं जाणवलं. तुम्ही ठीक आहात का?" आत्या मशीनच्या खडखडाटात ते ऐकायची नाही. मग फोन दादाला.

पहिल्या आठवड्यात एकोणीस वेळा.

प्रार्थनेच्या वेळी, पालकांच्या सभेत. वहिनी म्हणायची, "मला सासू नव्हती ना, म्हणून हा पट्टा दिलाय देवाने."

सुरुवातीला दादा फोन करून विचारायचा, "आत्या, पडलीस का?" आणि आत्या म्हणायची, "नाही रे, बाही कापतेय." पुढे तो नुसतं ॲप उघडायला लागला. तिथे एक बटण होतं. 'खोटा इशारा.' ते दाबलं की वाजणं थांबायचं, आणि छोटीला छोटासा निरोप जायचा : पहिल्या क्रमांकाने पाहिले, खोटा इशारा.

संवेदनशीलता कमी करता येत होती. दुकानदाराकडे जाऊन पाच मिनिटांत झालं असतं. दादा म्हणायचा, पुढच्या शनिवारी.

मग तो मंगळवार आला.

तीन बेचाळीस. छोटी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवत होती. फोन थरथरला. निरोप तोच, नेहमीचा. खोटा इशारा.

तिच्या मनात काहीतरी टोचलं. टाचणी लागावी इतकंच.

एक फोन करावा का?

"ताई, डावीकडे तिरका वाटतोय," गिऱ्हाईक म्हणालं. छोटीने फोन उलटा ठेवला. दादाने बघितलंय म्हणजे बघितलंय.

सात मिनिटांवर होती ती. सात.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती आत्याकडे गेली, बुधवारी जायचीच. दार तिच्याकडच्या किल्लीने उघडलं. मशीनवर निळा कपडा अर्धा शिवलेला. खुर्ची आडवी.

आणि आत्या फरशीवर. कुशीवर. डोळे दाराकडे.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्रभर जिवंत होत्या, पहाटे गेल्या. "वेळेत कुणी आलं असतं तर..." एवढं बोलून ते थांबले.

आत्याच्या उजव्या हातात शिंप्याचा खडू होता. चपटा, निळा. तिने फरशीवर रेघा ओढल्या होत्या. माप घेताना ओढायची तशा, आखूड, सरळ, सारख्या अंतरावर.

छोटीने मोजल्या.

तेवीस.

तिने त्या संध्याकाळी स्वतःच्या फोनवर पट्ट्याची नोंद उघडली. ३:४२, पडल्याचं जाणवलं. ३:४२, पहिला क्रमांक, खोटा इशारा. ३:४३, पहिला क्रमांक, चोवीस तास सर्व इशारे बंद.

आणि त्याखाली... बटण दाबले. बटण दाबले. बटण दाबले. पहाटेपर्यंत. तेवीस वेळा.

प्रत्येक वेळी तिने बटण दाबलं होतं. वाट पाहिली होती. आणि एक रेघ ओढली होती.

नातलग आत्याच्या घरी जमले. दादा कोचावर बसून सगळ्यांना सांगत होता, "यंत्रच बिघडलं हो. नाहीतर तिने चार्ज केलं नसेल. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, हट्टी."

छोटी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. नोंद असलेला फोन तिच्या खिशात होता.

दादाने तिच्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

ती गप्प राहिली.

त्याच क्षणी आतल्या खोलीतून आवाज आला. खड... खड... खडखड. मशीनचं पायडल कुणीतरी दोनदा दाबावं तसा. सगळ्यांनी मान वळवली.

आत कुणी नव्हतं.

"वारा," दादा म्हणाला.

खिडक्या बंद होत्या.

तीन आठवड्यांनी वहिनी तो पट्टा घेऊन दुकानदाराकडे गेली. बिघडलेली वस्तू परत करावी म्हणून. दुकानदाराने तपासला, खाली आपटून बघितला, पाण्यात घालून बघितला आणि म्हणाला, "बाई, हा ठणठणीत आहे."

त्याच सुमारास दादाला चक्कर यायला लागली होती. जिन्यात, वर्गात. वहिनी घरी येऊन म्हणाली, "आत्यांचा पट्टा आहेच की, चांगला निघाला. नवा कशाला? तुम्हीच घाला."

दादाचा चेहरा उतरला. पण नाही म्हणायला कारण काय देणार? बिघडलाय म्हणावं, तर नाही. नको म्हणावं, तर का?

स्वतःच्या खोट्यात माणूस असा अडकतो, तंग मापाने शिवलेल्या कपड्यात अडकावा तसा.

वहिनीने स्वतःच्या हाताने पट्टा बांधला. नंबर स्वतः घातले. एक, वहिनी. दोन, छोटी.

पुढच्या मंगळवारी दादाचा फोन आला. दुकानात. तो कधी दुकानात फोन करत नसे.

"छोटे. हा पट्टा बोलतो."

"बोलतोच तो, दादा. पडलास का?"

"मी खुर्चीत बसलोय. हललोसुद्धा नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तीन बेचाळीस झाले आणि म्हणाला, तुम्ही ठीक आहात का? मी म्हटलं, ठीक आहे. तर परत... तुम्ही ठीक आहात का? परत. परत. आणि छोटे..."

"काय?"

"आवाज त्या बाईचा नव्हता."

छोटीच्या हातातली काच बाकावर पडली.

"काढून टाक तो," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"निघत नाहीये."

ती शाळेत गेली. दादाने कोटाची बाही वर केली. पट्टा मनगटावर होता. पण बक्कल जिथे लागतं तिथे बक्कल दिसत नव्हतं. कापडावर कापड घेऊन ते शिवून टाकलं होतं. बारीक, एकसारखी तुरपाई. दोरा निळा.

छोटीने आयुष्यभर काचेची बारीक कामं केलेली. तिने वाकून पाहिलं. तो हात तिने कुठेही ओळखला असता. लहानपणीच्या तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या आतल्या बाजूला हेच टाके होते.

"हे कुणी केलं, दादा?"

"सकाळी उठलो तर होतं."

तिने दुकानातून सोबत आणलेल्या छोट्या कात्रीने टाके कापले. एक, दोन, तीन... मोजायचे नव्हते, तरी मोजले गेले.

तेवीस.

पट्टा तिने टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप लावलं. दादा मनगट चोळत बसला. तिथे लाल वळ होता, टाके पडल्यासारखा.

"दादा, ऐक माझं," छोटी खुर्ची ओढून बसली. "तू एकदा खरं बोल. वहिनींजवळ बोल. नाहीतर नुसतं आत्याच्या खोलीत जाऊन मोठ्याने म्हण, आत्या, मी दाबलं. मी बघितलंसुद्धा नाही, आणि दाबलं."

"एक बटण दाबलं मी! एक बटण! एकोणीस वेळा वाजलं होतं पहिल्याच आठवड्यात!"

"त्या मंगळवारी खरं होतं."

"आणि तू?" तो एकदम म्हणाला. "तुलाही निरोप गेला होता. सात मिनिटांवर होतीस तू."

छोटीने कात्री पर्समध्ये टाकली.

"शाळेतली पोरं रोज माझ्याकडून खोटं बोलू नका असं ऐकतात," दादा हळू आवाजात म्हणाला. "मी कोणत्या तोंडाने सांगू? लोक काय म्हणतील? नाही, छोटे. यंत्र बिघडलं होतं. संपलं."

कुलूप लावलेल्या खणात काहीतरी हललं.

आणि आतून, कापडातून यावा तसा दबका आवाज आला...

दोरा गं तुटला...

दादाने दोन्ही हात कानांवर ठेवले.

दुसऱ्या सकाळी पट्टा पुन्हा त्याच्या मनगटावर होता. शिवलेला. या वेळी त्याने कुणालाच सांगितलं नाही. वर लांब बाहीचा शर्ट घातला, आणि रोज घालत राहिला. वहिनीला वाटलं, नवरा शहाणा झाला, न विसरता पट्टा घालतो.

सुट्ट्या लागल्या. शाळा रिकामी झाली. दादा तरी जायचा, जुन्या कागदांच्या खोलीत काम आहे म्हणून. घरी बसवत नव्हतं त्याला.

मंगळवार. छोटी दुकानात.

तीन बेचाळीस.

फोन थरथरला. पहिल्या क्रमांकाने पाहिले, खोटा इशारा.

या वेळी तिने फोन उलटा ठेवला नाही. गिऱ्हाइकाला "थांबा" म्हणाली आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, तुम्ही दाबलंत का? खोटा इशारा?"

"कसला इशारा? अगं, माझा फोन वाजलाच नाही."

"पहिला नंबर तुमचा आहे ना?"

"माझाच. मीच घातलाय."

छोटीने ॲप उघडलं. यादी उघडली. 

एक, आत्या.

दोन, वहिनी.

तीन, छोटी.

वयाच्या क्रमाने. मानाच्या क्रमाने. घरात सगळ्यांत मोठी तीच तर होती.

तिने पट्टा कुठे आहे ते पाहिलं. नकाशावरचा ठिपका शाळेत नव्हता. ठिपका आत्याच्या घरावर होता.

ती धावली. सात मिनिटांचा रस्ता चार मिनिटांत. जिना चढली, दार उघडलं. खोली रिकामी. मशीन झाकलेलं. ऊन फरशीवर.

"दादा?"

कुणी नाही.

मग तिच्या फोनमधून आवाज आला. तिने फोन लावला नव्हता, उचलला नव्हता. तरी आवाज येत होता. कुणीतरी फरशीवर घासत होतं. मग श्वास. मग दादा, अगदी लहान झालेला दादा.

"आत्या... दार उघड गं... आत्या, मी पडलो..."

"दादा! कुठे आहेस तू?"

त्याला तिचं ऐकू जात नव्हतं.

आणि मग दुसरा आवाज. शांत, जवळचा. दातांत दोरा धरून बोलावं तसा.

"कोण पडलंय? कुणी नाही. बाही कापतेय मी."

फोन बंद झाला.

छोटीच्या पायांखाली काहीतरी खरबरीत लागलं. तिने खाली पाहिलं. ही फरशी तिने स्वतः घासून धुतली होती, तीनदा.

निळ्या रेघा. ताज्या. त्यांवर बोट फिरवलं तर बोट निळं झालं.

तिथून शाळा पाऊण तास. तिने वहिनीला कळवलं, शाळेच्या फोनवर फोन लावला. सुट्टी. कुणी उचलेना. मिळेल ती गाडी पकडून ती निघाली, आणि रस्ताभर ती यादी तिच्या डोळ्यांपुढे होती. कोण जवळ आहे ते घरात कुणी धरलं नव्हतं. कोण मोठं आहे एवढंच धरलं होतं.

वॉचमनने दार उघडलं. कागदांच्या खोलीत शिडी आडवी पडली होती. दादा तिच्या बाजूला कुशीवर होता, डोळे दाराकडे.

जिवंत होता.

भिंतीवर, त्याच्या हाताजवळ, आखूड सरळ निळ्या रेघा होत्या. वॉचमन म्हणाला, "शाळा आहे ताई, खडू तर असणारच."

पण शाळेत खडू पांढरे होते. आणि गोल.

दवाखान्यात पट्टा निघेना, शेवटी कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलं होतं. "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." आणि थांबले.

दादाची वाचा गेली. उजवी बाजू गेली. तो आता घरी असतो, खिडकीशी. वहिनी त्याला भरवते. सगळं समजतं त्याला. बोलायचं तेवढं राहून गेलं. आणि रोज दुपारी तीन बेचाळीसला त्याचा डावा हात चादरीवर हलायला लागतो. एक रेघ. थांबतो. वाट बघतो. मग दुसरी.

छोटीने वहिनीला सगळं सांगितलं. नोंद दाखवली. स्वतःचंही सांगितलं, फोन उलटा ठेवल्याचं. वहिनीने नोंद शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर?"



कापलेला पट्टा छोटीने नदीत टाकला. फोनमधून ॲप काढलं. तरी आठ दिवसांनी, तीन बेचाळीसला, निरोप आला.

पट्टा वापरणारी व्यक्ती : छोटी. पहिला क्रमांक : आत्या.

तिने फोन बदलला. नव्या फोनवरही आला.

तेव्हापासून ती दुपारी साडेतीनला बाकावरून उठते आणि जमिनीवर बसते. जी आधीच जमिनीवर आहे ती पडणार कुठून? गिऱ्हाइकांना वाटतं, गुडघे दुखत असतील. बेचाळीसला फोन थरथरतो. ती उचलते आणि रोज तेच म्हणते, "आत्या, मला निरोप आला होता. मी बघितला होता. मी आले नाही."

पलीकडून कधीच उत्तर येत नाही. फक्त दोरा दातांनी तोडल्याचा आवाज येतो... टच्.

ही सगळी हकीकत तिने शेजारच्या बाकावरच्या बाईला सांगितली, तीही जमिनीवर बसूनच. सांगून झाल्यावर तिने कामाच्या कोटाची डावी बाही पुढे केली. कोट रोज दुकानातच खुंटीवर असतो, घरी नेत नाही. बाहीच्या टोकाला, आतल्या बाजूने, निळ्या दोऱ्याचे बारीक टाके होते. कोटाची बाही मनगटापाशी आवळत चालली होती.

"रोज सकाळी एक वाढलेला असतो," छोटी म्हणाली.

"मग उसवून टाका ना, ताई! कात्री आहे समोर."

छोटीने बाही खाली केली.

"दोरा मी नाही तोडणार," ती म्हणाली.

काल संध्याकाळी तिने टाके मोजले होते. बावीस.

आज मंगळवार.